लातूर, बारावी, १९९३

"कॉलेजचं टेन्शन घेऊ नका, ते आम्ही बघतो," लातूरच्या एका क्लासच्या ऑफिसातला पोरगा यंदा माझ्या मेहुण्यांना म्हणाला. मेहुणे खूश. लेकीचं नाव कुठल्या कनिष्ठ महाविद्यालयात लागणार, ते गावाच्या कुठल्या टोकाला आहे, हे विचारावंसंही त्यांना वाटलं नाही. हजेरी लागते, प्रात्यक्षिकांचे गुण मिळतात, मग अडचण काय? मला मात्र ते झोंबलं. तो पोरगा 'लातूर पॅटर्न' म्हणून जे विकत होता ते कॉलेजाच्या वर्गात जन्मलं होतं, आणि त्याच्या ऐन भरातलं एक वर्ष मी लातुरात काढलंय.

पॅटर्नची जन्मकथा गौरवग्रंथांत भरपूर लिहून झाली आहे, म्हणून घाईनेच सांगतो. १९८२ साली लातूर वेगळा जिल्हा झाला. राजर्षी शाहू आणि दयानंद ही दोन कॉलेजं गावात आधीपासून होती. जनार्दन वाघमारे, अनिरुद्ध जाधव अशा प्राचार्यांची नावं त्या काळात आदराने घेतली जात. बघता बघता मराठवाड्यातली पोरं 'बोर्डात येऊ' लागली आणि पुण्या-मुंबईचे लोक नकाशात लातूर शोधू लागले. माझं कॉलेज या दोन्हींपेक्षा लहान होतं. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी उणीदुणी काढायची आहेत.

अकरावीची परीक्षा संपली की सुट्टी मिळत नसे, बारावीचा पोर्शन सुरू होई. दिवाळीपर्यंत तो संपवायचा आणि मग फेब्रुवारीपर्यंत नुसते पेपर. बोर्डाच्याच वेळेत, बोर्डासारखेच. खरी गंमत त्यानंतर होती. रसायनशास्त्राचे सर तपासलेला पेपर हातात देताना शेजारी उभं करून विचारत, "इथं समीकरण लिहिलंस, संतुलित कोण करणार, मी?" उत्तराची मांडणी, आकृतीची नावं, एककं, सगळ्यावर लाल शाई. सर संध्याकाळी स्टाफरूममध्ये गठ्ठे घेऊन बसत आणि त्याचे वेगळे पैसे त्यांना कोणी देत नसे. मेडिकल-इंजिनिअरिंगचे प्रवेश तेव्हा बारावीच्या गुणांवर होत, त्यामुळे नीट लिहिलेल्या उत्तराला किंमत होती.

आम्ही चौघं खोली करून राहायचो. काही जण मेसला जात, पण खेड्यातल्या बहुतेकांचा डबा एसटीने यायचा. आई पहाटे उठून भाकरी-भाजी बांधायची, बाप गावच्या फाट्यावर कंडक्टरच्या हवाली करायचा आणि आम्ही स्टँडवर गाडीची वाट बघत उभे. डब्यावर ऑइलपेंटने नाव. कंडक्टरलाही कोणाचा डबा कोणता ते पाठ. नॅरोगेज रेल्वे तेव्हा चालू होती, पण तिच्या भरवशावर डबा सोडण्याची हिंमत कुणी केली नसती.

त्या वर्षी अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गाव झोपलं आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायच्या सुमारास जमीन हलली. खोलीतली भांडी खाली आली, आम्ही चड्डी-बनियनवर रस्त्यात. लातूर शहर तसं वाचलं. उजाडल्यावर किल्लारी, सास्तूर, मंगरूळ ही नावं कानावर येऊ लागली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. ते झोपलेल्यांवर बसलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या दिवसापासून किल्लारीकडच्या गाडीचे डबे यायचे थांबले. आमच्या खोलीतला एक जण त्याच भागातला होता. तो दुपारी मिळेल त्या ट्रकने गेला आणि दिवाळीनंतर परतला, डोक्यावर केस नसलेला. आम्ही कोणी काही विचारलं नाही. एवढंच, की आपापल्या डब्यातली भाकर आधी त्याच्या ताटात जायची.

कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा फळ्यावर पहिली सूचना लागली ती चाचणीच्या नव्या वेळापत्रकाची. गेलेले तास रविवारी भरून निघतील, असं प्रार्थनेच्या वेळी सांगण्यात आलं. शोक दोन मिनिटांचा. गुणांवरून पाडलेल्या तुकड्यांत माझा हा मित्र पहिल्या तुकडीतून तिसरीत गेला. तिसऱ्या तुकडीचे पेपर लाल शाईने कोणी तपासत नसे, नुसते गुण टाकून परत येत. पॅटर्नचे गोडवे गाणारे या तुकड्यांविषयी गप्प असतात. तो पुढे डीएड करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागला आणि सगळ्यांच्या वह्या तपासतो, असं ऐकतो.

भूकंप माणसांना जवळ आणतो म्हणतात. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं आणि त्या आठवड्यात आमच्या शेजारच्या मेसमध्ये ताटं दोन बाजूंना लागली. ऑक्टोबरात एकाच ट्रॅक्टरमध्ये बसून ढिगारे उपसायला गेलेली पोरं ती. आमच्या एका सरांनी वर्गात यावर एक शेरा मारला. तो इथे लिहिण्याच्या लायकीचा नाही, पण विसरलेलो नाही.

त्यानंतरची वर्षं कंटाळवाणी आहेत. १९९९ ला सीईटी आली, पुढे नीट आली, मधे रेल्वेने प्यायचं पाणी आलं, २०२० मध्ये वैद्यकीय प्रवेशांतला सत्तर-तीसचा प्रादेशिक कोटा गेला, तोही लातूरचाच माणूस खात्याचा मंत्री असताना. जून २०२४ मध्ये नीटच्या घोटाळ्यात लातूरचं नाव देशभर वाजलं. पॅटर्न मेला मात्र यातल्या पहिल्याच पायरीवर, असं माझं मत. चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा म्हटल्यावर उत्तर लिहायला शिकवणारा मास्तर कशाला हवा? गोल यंत्र तपासतं. हजारो पोरांची चाचणी रविवारी घेऊन सोमवारी रँक लावायची, तर ते स्टाफरूमचं काम उरलं नाही, त्याला भांडवल लागतं. उद्योग भवनाच्या परिसराचा ट्यूशन एरिया झाला. चांगले मास्तर तिकडे गेले, काहींनी स्वतःच क्लास काढले. त्यांना दोष कसा देऊ? कॉलेजांतल्या कायम जागा भरल्या जात नव्हत्या.

भाचीचं नाव ज्या कॉलेजात आहे तिथं भौतिकशास्त्राला तासिका तत्त्वावरचे एक सर आहेत. वर्गात पोरं नसतात म्हणून तास होत नाही, तास होत नाही म्हणून मानधन निघत नाही. संध्याकाळी ते तिच्याच क्लासमध्ये शंका सोडवायला बसतात. भाची त्यांना 'डाउटवाले सर' म्हणून ओळखते.