जुनी मोटार : तयारी, किंमत आणि जबाबदारी

कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ही कंपनी स्थापन केली, आणि पुढे कित्येक वर्षे फियाट व तिचीच पुढची आवृत्ती पद्मिनी या मोटारी तेथून बाहेर पडल्या. ज्या हातांनी त्या जोडल्या ते हात संध्याकाळी लोकलची कडी धरून घाटकोपर-मुलुंडला परत जात. मोटार ही त्यांनी बनवावयाची वस्तू होती, बाळगावयाची नव्हती. आज चित्र बदलले आहे. अंधेरी-बोरिवलीच्या वसाहतींतून फिटर, कारकून, परिचारिका यांच्याही दाराशी एखादी गाडी उभी दिसते. पुष्कळदा ती कर्जाने घेतलेली असते, आणि तीही दुसऱ्याच्या हातची. घर सोडले तर अशा कुटुंबातली ती सर्वांत महाग चीज असते, आणि ती विकावयाची पाळी बहुधा अडचणीतच येते. मुलीची फी, वडिलांचे आजारपण, कारखान्याला लागलेले टाळे, यांपैकी काहीतरी मागे लागलेले असते. अडलेला माणूस मग दोन गोष्टी करतो. एक तर येईल त्या किमतीला देऊन टाकतो, नाहीतर किंमत यावी म्हणून दोष झाकतो. या दोहोंतून वाट कशी काढावी ते आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

प्रथम बाजार कसा चालतो ते पाहू. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यामागे हाच विचार मुख्य होता. त्यांचे म्हणणे आपल्या भाषेत असे : गाडीत काय खोट आहे हे विकणाऱ्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी खोटीच धरून भाव करतो. परिणामी चांगल्या गाडीलाही वाईट गाडीचा भाव येतो, चांगली गाडीवाले बाजारातून निघून जातात, आणि बाजारात वाईटच माल उरतो. म्हणजे लबाडाच्या लबाडीची किंमत प्रामाणिक माणूस भरतो.

यावर उपाय एकच, आणि तो चळवळीतल्या माणसाला नवा नाही. बोनसच्या बोलणीत आम्ही मालकाला म्हणतो, ‘तोटा झाला म्हणता, तर हिशेबाच्या वह्या उघडा.’ जो न्याय आम्ही मालकाला लावतो तोच गाडी विकताना स्वतःला लावला पाहिजे. गाडीची वही उघडी ठेवा. सर्व्हिसिंगच्या पावत्या, विम्याचे कागद, टायर-बॅटरी बदलल्याची बिले तारखेवार एका फाइलीत लावा. ही फाइल किलोमीटरच्या आकड्याला आधार देते. कारण आकडा मागे फिरविता येतो हे आता घेणाऱ्यालाही माहीत आहे.

आता तयारी. खर्च कोठे करावा यापेक्षा कोठे करू नये हे आधी समजून घ्यावे. विकण्यापूर्वी सबंध गाडीला नवा रंग मारणे हा सर्वांत वाया जाणारा खर्च होय. ताजा रंग पाहिला की घेणाऱ्याचा मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो, ‘गाडी ठोकली होती काय?’ लहानसहान ओरखडे तसेच राहू द्यावेत. आतून-बाहेरून स्वच्छ धुणे, बंद पडलेले दिवे, वायपरची रबरे, चार्ज न धरणारी बॅटरी एवढे मात्र जरूर करावे. खर्च थोडा आणि गाडी सांभाळलेली आहे याचा पुरावा मोठा. टायर घासले असतील तर नवे घालण्याऐवजी तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. घेणारा ते वाचतो, तेव्हा आपणही आधीच वाचून ठेवावे.

आपल्या उपनगरांतल्या गाड्यांचे काही खास आजार आहेत. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर रोज तास-दीड तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणाऱ्या गाडीचा क्लच लवकर झिजतो. खड्ड्यांनी सस्पेन्शन वाजू लागते. वर्सोवा-गोराईच्या बाजूला खाऱ्या हवेने दरवाजांच्या खालच्या कडा गंजतात. आणि पुराची शंका तर प्रत्येक गाडीच्या वाट्याला येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि हजारो मोटारी पाण्याखाली गेल्या. तेव्हापासून जाणता खरेदीदार सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून गढूळ पाण्याची रेघ शोधतो, चटई उचलून खाली चिखल पाहतो, सीटखालचे गंजलेले स्क्रू तपासतो. गाडी पाण्यात गेली असेल तर ते आपणच सांगावे. सीएनजीवर असेल तर किटची नोंद आर. सी. वर आहे ना, आणि दर तीन वर्षांनी करावयाची टाकीची दाब-चाचणी झाली आहे ना, हे पाहावे.

किंमत ठरविताना तीन पायऱ्या आहेत. विम्याच्या घसाऱ्याच्या रूढ कोष्टकात गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के, दोन ते तीन ३०, तीन ते चार ४० आणि चार ते पाच वर्षांची असेल तर ५० टक्के कापतात. हा झाला पाया, बाजारभाव नव्हे. दुसरी पायरी, त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या, जवळपास तितक्याच चाललेल्या पाच-सहा गाड्यांचे भाव पाहणे. मात्र तो मागितलेला भाव आहे, मिळालेला नव्हे, हे विसरू नये. तिसरी पायरी, आपल्या गाडीचे दोष रुपयांत मांडणे. समजा, तशा गाड्यांना सरासरी ३,६०,००० रुपये मागितले जात आहेत. घासाघिशीचे १०,००० वजा केले. क्लचचे १२,००० आणि दोन टायरांचे ८,००० वजा केले. उरले ३,३०,०००. ही आपली रास्त किंमत. तोंडी ३,४५,००० सांगावे, आणि ३,२०,००० च्या खाली जावयाचे नाही हे घरच्यांशी बोलून आधीच कागदावर लिहून ठेवावे. वाटाघाटीस बसणाऱ्याने आपली शेवटची पायरी टेबलावर बसल्यावर ठरवावयाची नसते. डीलर याहून कमी देईल. त्याला दुकानाचे भाडे आणि नफा काढावयाचा असतो. उद्याच पैसे हवे असतील तर तो फरक ही घाईची किंमत समजून द्यावी, पण ती किती आहे हे जाणून द्यावी.

आणखी एक. ज्या गाडीचे सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सहज मिळतात आणि जिचे काम नाक्यावरचा मिस्त्री करू शकतो, ती गाडी भाव धरून राहते. पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर २०२३ पर्यंत टिकली, त्यातले एक मर्म हेच.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट : पैसे मिळाले म्हणजे गाडी विकली असे होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५० व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर. टी. ओ. ला कळवावयाचे असते. त्यासाठी २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म आहेत. बँकेचा बोजा असेल तर ३५ क्रमांकाचा फॉर्म आणि बँकेचा ना-हरकत दाखला लागतो. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ते दलालाच्या हाती देण्याची जी पद्धत आहे, ती आगीशी खेळण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी २००७ साली विकली गेली आणि पुढे हातोहात फिरत राहिली. २००९ साली तिने अपघात केला, तेव्हा आर. टी. ओ. च्या दप्तरी नाव पहिल्याच मालकाचे होते. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावरच ठेवली. कामगाराची आयुष्यभराची पुंजी अशा एका निकालात जाऊ शकते. अधिकृत डीलरला गाडी देणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून २९-सी फॉर्मची सोय झाली आहे. त्याने ताबा दिल्याची नोंद होते, ती जरूर करावी.

विम्याचेही तसेच. तिसऱ्या पक्षाचा विमा गाडीबरोबर जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तसे आपोआप जात नाही. घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज केला पाहिजे. दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, जी ५० टक्क्यांपर्यंत जाते, ती गाडीची नसून मालकाची असते. कंपनीकडून तिचा दाखला घ्यावा. नव्या गाडीसाठी तो तीन वर्षे चालतो. चलनाचे दंड भरून टाकावेत, फास्टॅग बंद करावा, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. दोन लाख वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून बंदी आहे. पैसे बँकेतूनच घ्यावेत, आणि ते खात्यात जमा झाल्याशिवाय चावी देऊ नये.

आपल्या दारी गाडी पाहावयास येणारा माणूस कोण असतो? बहुधा आपल्यासारखाच पगारदार. त्यानेही पतपेढीतून कर्ज काढलेले असते. त्याला फसवून मिळविलेले दहा हजार रुपये एका कामगाराच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातात, एवढेच. वही उघडी ठेवून, हिशेब मांडून, भाव मात्र ताठ मानेने मागावा. आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर चढल्याचे आर. टी. ओ. च्या दप्तरी दिसेपर्यंत आपले काम संपले असे मानू नये.