सिनेमा पाहिलेला खेळाडू

गोष्ट पाठ असलेल्या माणसाला रहस्यकथेत अडकवायचं कसं? १९८३ साली अमेरिकेतल्या 'व्हिक्टरी गेम्स' कंपनीपुढे हाच पेच होता. 'जेम्स बॉन्ड ००७' नावाचा बैठा खेळ त्यांनी काढला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार, बाकीचे गुप्तहेर. 'मी खिडकीतून उतरतो' असं आपण म्हणायचं आणि ते जमलं का, हे दहा बाजूंच्या दोन फाशांनी ठरवायचं.

सूत्रधारासाठी तयार मोहिमा छापलेल्या मिळत. त्यातली एक 'गोल्डफिंगर'. आता हा सिनेमा १९६४चा; त्यातला डाव कुणाला ठाऊक नव्हता? म्हणून कर्त्यांनी मंडळी ओळखीची ठेवली आणि कथानक मुद्दाम बदललं. सिनेमाच्या भरवशावर चालणारा नेमका फसतो! मला ही युक्ती फार आवडते. हेराचं खरं संकट तरी दुसरं काय असतं? हातातली माहिती शिळी झालेली असते. (सिनेमातली 'स्पेक्टर' ही संघटनाही खेळात नाही. हक्कांच्या भानगडीमुळे तिच्या जागी 'टॅरो' आणावी लागली.)

सूत्रधाराची मात्र कसरत. सगळी गुपितं पुढ्यात उघडी आणि चेहरा कोरा ठेवायचा. खेळाडू भलत्याच दाराने शिरले, तर 'पुस्तकात तसं नाही' म्हणायची सोय नाही. शिवाय त्यांच्याकडे 'हीरो पॉइंट' असतात. फासे उलटे पडले तरी ते खर्चून निकाल सुधारता येतो. म्हणून बड्या खलनायकांनाही बचावाचे गुण दिलेले आहेत. नाहीतर तो पहिल्याच भेटीत मरायचा आणि उरलेलं पुस्तक मिटून ठेवावं लागायचं.