गळा आणि गज

पेटी आमच्या नांदगाव पेठेत भजनी मंडळातला पोरगाही वाजवतो. व्हायोलिन म्हटलं की मात्र लोकांना सिनेमा आठवतो, तोही बहुतेक रडका. या विलायती वाद्यातून अख्खा खयाल ऐकवणारे एक बुवा महाराष्ट्रात होऊन गेले, पंडित गजाननराव जोशी. जन्म १९११ चा, मृत्यू १९८७ चा.

वडील अंतूबुवा हे औंध संस्थानचे दरबारी गायक, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. म्हणजे ग्वाल्हेरची गायकी घरातच. पुढे गजाननराव रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकले, आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खाँकडे शिकले आणि जयपूरच्या भूर्जी खाँकडेही. एकाचा गंडा बांधला की दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही, असा तो काळ. जोश्यांच्या मुलाला खाँसाहेबांनी विद्या दिली आणि त्याने ती निष्ठेने पुढे नेली. हल्ली हे मुद्दाम सांगावं लागतं, म्हणून सांगितलं.

आता व्हायोलिनच का? पाश्चात्त्य वादक ते हनुवटीखाली धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचं एक टोक खांद्या-छातीशी आणि दुसरं उजव्या पावलावर टेकवतो. त्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि बोट तारेवरून हवं तसं घसरतं. तारा षड्ज-पंचमात मिळवलेल्या असतात. सतारीसारखे पडदे नाहीत, म्हणून दोन स्वरांच्या मध्ये भिंत नाही, मींड गळ्यासारखी निघते. पण पडदे नाहीत म्हणजे खूणही नाही. बोट केसभर सरकलं की बेसूर! आणि गज उलटताना स्वर तुटला, तर गाता गाता श्वास तुटल्यासारखं वाटतं. ज्याला बंदिश गाता येते, तिचे शब्द कुठे लांबवायचे हे ठाऊक आहे, त्याचा गज तिथे आपोआप लांबतो. गजाननरावांचं वादन गायकी अंगाचं होतं ते यामुळे. त्यात तबल्याचीही तालीम घेतलेली, म्हणून लयकारी पक्की.

रेडिओचाही यात वाटा आहे. पेटीचे स्वर ठाम बांधलेले, तिच्यातून मींड निघत नाही, या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी केली होती. त्या तीस वर्षांत साथीला सारंगी आणि व्हायोलिन यांना मान मिळाला. गजाननरावांनी आकाशवाणीत नोकरीही केली. साथ आणि एकल वादन ही दोन वेगळी कामं. साथीला गायकाच्या पाऊलभर मागे राहावं लागतं, एकल वादनात रस्ता स्वतः काढावा लागतो.

ज्याला सगळं येतं, त्याला लोक कुठल्या खणात ठेवावं या पेचात पडतात. गवई म्हणावं की वादक? १९७२ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तरी सर्वसामान्य श्रोत्याला हे नाव फारसं ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. जाणकारांत ते टिकलं ते मुख्यतः गाण्याच्या शिष्यांमुळे. त्यातले उल्हास कशाळकर तर आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातले, पांढरकवड्याचे. कशाळकर ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही रीती गातात आणि त्यांची खिचडी होऊ देत नाहीत. ही शिस्त बुवांची.

बुवांचं ध्वनिमुद्रण हाती लागलं, तर आधी गाणं ऐका, मग व्हायोलिन. समेवर येण्याआधीचा तुकडा दोन्हींकडे नीट लक्ष देऊन ऐका.