काम कोठे थांबते?

जिल्ह्याच्या ठिकाणच्या सहकारी बँकेत, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, निवृत्तिवेतनासाठी आलेली वृद्ध माणसे बाकांवर बसलेली असतात, खिडकीपुढची रांग दारापर्यंत पोहोचलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी आतून ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तीन शब्द ऐकू येतात. ज्या यंत्राच्या नावे हा निरोप दिला जातो, ते पुष्कळदा बंद पडलेले नसते. ते चालूच असते आणि कशाची तरी वाट पाहत असते. संस्थेच्या कामाजोगा सर्व्हर घडवून देण्याची विद्या या एका निरीक्षणापासून सुरू होते. अतिवेगवान प्रोसेसरही आपल्या वेळाचा मोठा भाग थांबण्यात घालवतो, आणि तो कोठे थांबतो हे ज्याने शोधून काढले, त्यालाच त्या कामाच्या मापाचे यंत्र बांधता येते.

या थांबण्याचे प्रमाण किती विलक्षण असते, ते पाहण्यासारखे आहे. प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला ३०० कोटी ठोके पडतात असे धरले, तर एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशदेखील जेमतेम १० सेंटिमीटर पुढे सरकतो. हा काल मनात ठसत नाही, म्हणून एक ठोका म्हणजे एक सेकंद असे मानू आणि प्रोसेसरला जुन्या मामलेदार कचेरीतील एक तत्पर कारकून समजू. मेजावरची फर्द त्याला चारपाच सेकंदांत मिळते. ही झाली प्रोसेसरच्या पोटातील कॅश. मुख्य मेमरीतील आकडा हवा असेल, तर शिपायाला दफ्तरखान्यात धाडून त्याला पाच मिनिटे बसून राहावे लागते. सॉलिड स्टेट ड्राइव्हवरील नोंद म्हणजे परजिल्ह्यातून मागवलेला कागद, तो साडेतीन दिवसांनी हाती पडतो; आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरील नोंदीसाठी तर जवळजवळ वर्षभर तिष्ठत राहावे लागते. अशा कचेरीत दफ्तर जसेच्या तसे ठेवून केवळ कारकुनांची संख्या वाढवली, तर काम वाढत नाही, वाट पाहणारे तेवढे वाढतात.

कारकून वाढवण्याला दुसरीही एक मर्यादा आहे, आणि ती जीन अ‍ॅमडाल या संगणकशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये दाखवून दिली. एखाद्या कामाचा विसावा हिस्सा असा असेल की तो एकामागून एक असाच उरकावा लागतो, तर उरलेल्या कामासाठी हजारो प्रोसेसर जुंपले तरी एकंदर वेग वीसपटींपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून यंत्राच्या तपशिलाआधी कामाचा तपशील पाहावा लागतो. पुणे आणि त्याच्या आसपासचीच तीन कामे घेतली, तरी हा भेद स्पष्ट होतो.

पहिले काम नारायणगावाजवळच्या खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपचे. तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात, आणि प्रत्येक अँटेनाचा संदेश इतर प्रत्येकीच्या संदेशाशी ताडून पाहावयाचा असल्यामुळे अशा ४३५ जोड्यांचा गुणाकार अखंड चालू ठेवावा लागतो. हे गुणाकार परस्परांवर अवलंबून नसतात, म्हणून एकच साधी क्रिया हजारो आकड्यांवर एकदम करणारे जीपीयू येथे शोभून दिसतात. काम थांबलेच तर ते आकड्यांचा ओघ आत घेणाऱ्या वाटेवर थांबते, आणि घडविणाऱ्याने ती वाट आधी रुंद करावयाची असते.

दुसरे काम पुण्यातील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे. तेथील ‘अर्क’ या महासंगणकाची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी गणिती क्रिया एवढी आहे. हवामानाच्या अनुमानासाठी पृथ्वीच्या पृष्ठभागाचे चौकोन पाडतात, आणि प्रत्येक चौकोनाची पुढची स्थिती त्याच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असते. १२ किलोमीटरचे चौकोन ६ किलोमीटरचे केले, की त्यांची संख्या चौपट होते, कालाचे पाऊलही निम्मे करावे लागते, आणि श्रम आठपट होतात. शिवाय प्रत्येक पावलाला हजारो प्रोसेसरांनी आपापल्या सीमेवरील वार्ता शेजाऱ्यांना कळवावयाची असते. तेव्हा येथे काम थांबते ते सर्व्हरांना जोडणाऱ्या जाळ्यात, आणि खर्चाचा मोठा वाटा त्या जाळ्यावर करणे हेच शहाणपण ठरते.

तिसरे काम आपल्या सहकारी बँकेचे. त्यात गणित अगदी थोडे, पण जबाबदारी फार मोठी. जमा झालेली रक्कम कायमच्या साठ्यात उमटल्याखेरीज ‘जमा झाली’ असे खातेदाराला सांगावयाचे नाही, हा तेथील धर्म आहे. म्हणून या सर्व्हरला असंख्य कोअर, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनाकेंद्रे, नकोत, आणि डेटाबेसचे परवाने बहुधा कोअरच्या संख्येवर आकारले जात असल्याने ते परवडतही नाहीत. त्याला हवेत थोडे पण चपळ कोअर, भरपूर मेमरी, आणि वीज अकस्मात गेली तरी हातातली नोंद पुरी करणारे ड्राइव्ह. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चूक सुधारणाऱ्या संकेतपद्धतीचा वारसा येथे कामी येतो: ६४ बिटांमागे ८ जादा बिटे ठेवली, की विश्वकिरणांच्या आघाताने एखादे बिट पालटले तरी मेमरी ते आपणहून दुरुस्त करते, आणि दोन पालटली तर निदान इशारा देते. एखाद्या विधवेच्या ठेवीतील एक अंकही बदलू नये, यासाठी केलेली ही तजवीज आहे.

या बँकेचा दुसरा प्रश्न अंतराचा. आग किंवा पूर आला तरी खातेवही वाचावी म्हणून तिची प्रत दुसऱ्या शहरात ठेवतात. आणि देयकव्यवहारांची माहिती भारतातच साठवावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये फर्मावल्यापासून देशातल्या डेटा सेंटरांचे महत्त्व अधिकच वाढले आहे. मात्र ही प्रत किती दूर ठेवावी हे प्रकाशाचा वेग ठरवतो: काचतंतूतून प्रकाश किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद घेतो. मुंबई आणि पुणे यांच्यामधील १५० किलोमीटरच्या तंतूतून जाऊन येण्यास दीड मिलिसेकंद पुरतो, म्हणून दोन्ही ठिकाणी नोंद झाल्यावरच होकार देणे शक्य असते. अंतर शेकडो किलोमीटरांनी वाढले, की प्रत्येक होकार तितका लांबतो आणि दूरची प्रत किंचित मागाहून लिहावी लागते. हा हिशेब निसर्गाचा आहे, आणि कितीही महाग सर्व्हर घेतला तरी तो चुकवता येत नाही.

निसर्गाचा दुसरा हिशेब उष्णतेचा. सर्व्हरने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. हवेचे तापमान १० अंशांहून अधिक चढू द्यावयाचे नसेल, तर एका किलोवॅटमागे सेकंदाला सुमारे ८३ लिटर हवा खेळवावी लागते. आणि आठ जीपीयूंचा एकच सर्व्हर १० किलोवॅटच्या घरात वीज घेतो. असे चार सर्व्हर एका रॅकमध्ये बसवले, तर पंख्यांचे बळ अपुरे पडू लागते आणि समान आकारमानाच्या हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्याला शरण जावे लागते. स्थळाचा विचार येथेच निकडीचा होतो. वैशाखात ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपूर-चंद्रपुराकडे बाहेरची हवा शीतलीकरणाला फारशी मदत करत नाही. कोकणपट्टीत खारट, दमट हवा धातूच्या जोडांना गंजवते. आणि जेथे वीज वारंवार जाते तेथे बॅटऱ्या व जनरेटर यांचे माप सर्व्हराइतकेच काटेकोर घ्यावे लागते. तयार अंगरख्यासारखे एकच यंत्र या सर्व ठिकाणी चालवावे म्हटले, तर ते कोठेच नीट बसणार नाही.

माप घेऊन यंत्र बांधण्याची ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. अमेरिकेने भारताला हवा तसा प्रबळ महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. एकच बलाढ्य प्रोसेसर हाती नव्हता, म्हणून प्रत्येकी चार दुवे असलेले ‘ट्रान्सप्यूटर’ नावाचे लहान प्रोसेसर परस्परांना जोडून, कामच असे वाटून देण्यात आले की अनेक लहानांच्या मेळाने एका थोराची उणीव भरून निघावी. त्याच संस्थेने पुढे ‘रुद्र’ हा स्वदेशी सर्व्हर रचला, आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांपैकी एक खोडदच्या दुर्बिणीच्या कामी दिला गेला. सर्व्हरचा मदरबोर्ड स्वतः आखता येणे म्हणजे काम कोठे थांबते हे ओळखून तेथला मार्ग स्वतःच्या हाताने रुंद करता येणे होय.

म्हणून जिल्हा बँक, रुग्णालय, साखर कारखाना किंवा विद्यापीठ यांनी निविदेचा मसुदा करताना कोअरची संख्या लिहिण्यापूर्वी आपल्या चालू यंत्रावर सणासुदीचे आणि वर्षअखेरीचे दिवस धरून काही आठवडे मोजणी करावी: मेमरी किती वेळा अपुरी पडली, डिस्कपुढे किती नोंदी खोळंबल्या, जाळे किती भरले, दुपारी खोलीचे तापमान किती चढले. ही फर्द हाती असेल, तर पुरवठादाराशी बोलणे यंत्राच्या दिमाखावरून न होता आपल्या गरजेवरून होते, आणि कित्येकदा नव्या सर्व्हराऐवजी थोडी मेमरी किंवा दोन चांगले ड्राइव्ह पुरेसे असल्याचे निष्पन्न होते. सार्वजनिक पैशाची बचत यात आहेच. पण बाकावर बसलेल्या वृद्धांना आपला दिवस परत मिळणे, हे या मोजणीचे त्याहून मोठे फळ आहे.