पंख वर की खाली?

अमेरिकेतले हौशी पायलट आपण बाईक बदलावी तशी छोटी विमानं बदलतात. मग तुलना आलीच! १९५६ साली आलेल्या सेस्ना १७२ चे पंख वर, टाक्या पंखात. पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने आपोआप इंजिनात उतरतं; कॉक 'दोन्ही'वर ठेवला की झालं. पायपर चेरोकीचे पंख खाली, म्हणून पंप हवा. दोन्ही टाक्या एकदम उघडल्या तर रिकाम्या टाकीतून तो हवा ओढेल, म्हणून एका वेळी एकच टाकी. बदलायला विसरलात, तर दुसरी भरलेली असूनही इंजिन बंद! बीचक्राफ्ट बोनान्झा चाकं पोटात घेते, म्हणून वेगवान. पण चाकं काढायला विसरलात की पोटावरच लँडिंग! मला विचाराल तर मित्रांनो, वेग नंतर बघा. आधी बघा, विमान तुम्हाला काय काय लक्षात ठेवायला लावतं.