फुकटच्या व्हिलाचा जमाखर्च

समृद्धी महामार्गावर शेलूबाजारला चढ-उताराची सोय झाल्यापासून मंगरूळपीर तालुक्यातील या बाजारगावाला नागपूरचे विमानतळ जवळचे वाटू लागले आहे. पूर्वी येथील व्यापारी घरांचा प्रवास म्हणजे शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन, कारंजाला नातलगांकडे जाणे-येणे आणि पाच-सात वर्षांतून एकदा सम्मेदशिखर वा पालिताणा. आता नव्या पिढीच्या बोलण्यात मालदीव येते, आणि तेही रोख पैशांनी नव्हे, तर क्रेडिट कार्डावर साठलेल्या पॉइंटांवर.

अशाच एका अडत्याच्या घरी हा प्रश्न उभा राहिला. मुलीच्या लग्नात दागिने, कापड आणि मंगल कार्यालय यांचा बराचसा खर्च कार्डावर झाला होता. बिल मुदतीत भरले गेले आणि पॉइंट तसेच पडून राहिले. वैशाखात आई-वडिलांच्या लग्नाला २५ वर्षे पूर्ण होणार होती. या २५ वर्षांत त्या दोघांनी तीर्थयात्रा आणि लग्नकार्ये यांखेरीज एकही प्रवास केलेला नव्हता. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने हिशेब मांडला, तेव्हा कार्डाचे पॉइंट हॉटेल कंपनीच्या खात्यात वळवले असता ३,४०,००० पॉइंट होतील असे निघाले. त्याने दोन बेटे निवडून वडिलांना कळविले : पहिले दूरचे, पाण्यावर उभारलेल्या व्हिलाचे, दुसरे विमानतळाजवळचे, वाळूवरच्या व्हिलाचे. वडिलांनी दुकानातली वही काढली.

मालदीवची रचना ध्यानात घेतल्यावाचून ही निवड समजत नाही. सुमारे बाराशे लहान बेटांच्या या देशात पर्यटनाचा आरंभ १९७२ साली कुरुंबा बेटावर झाला आणि तेव्हापासून ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हीच तेथील पद्धत रूढ झाली. याचा व्यावहारिक अर्थ असा की, एकदा बेटावर पाऊल ठेवले की जेवण, पाणी, नाव, सारे त्याच एका मालकाकडून घ्यावे लागते. समोरच्या दुकानात भाव विचारण्याची सोय नाही. व्यापाऱ्याला ही स्थिती निराळी समजावून सांगावी लागत नाही.

खोली पॉइंटांवर मिळते. बेटापर्यंतचा प्रवास मिळत नाही. मालेच्या विमानतळावरून बेटावर नेण्याचे साधन रिसॉर्टच ठरवते आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये घेते. उत्तर माले प्रवाळद्वीपातील शेरेटन फुल मूनसारख्या ठिकाणी स्पीडबोटीने पाव तास-वीस मिनिटांत पोहोचता येते. धालू प्रवाळद्वीपातील सेंट रेजिस किंवा दक्षिण आरी भागातील कॉनराड रंगाली येथे जाण्यास जलविमान लागते. पार्क हयात हदाहा तर आणखी दक्षिणेला. तेथे देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. जलविमान फक्त दिवसाच्या उजेडात उडते. भारतातून निघालेले विमान दुपारी उशिरा उतरले, तर ती रात्र मालेत काढावी लागते आणि बेटावरची पॉइंट देऊन घेतलेली पहिली रात्र वाया जाते. शिवाय जलविमानात माणशी २० किलो सामान आणि हाताची ५ किलोची पिशवी, एवढीच सवलत असते. त्यावरील वजनाचे पैसे पडतात. खाखरे, पापड आणि पिठाचे डबे घेऊन निघणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हा आकडा घरच्या काट्यावरच तपासलेला बरा.

आता वहीतील नोंदी. दूरच्या बेटाला एका रात्रीचे ८०,००० पॉइंट, जवळच्या बेटाला ५०,०००. काही हॉटेल साखळ्या पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्यास चारच रात्रींचे पॉइंट आकारतात. मॅरियटमध्ये ही सवलत सर्व सभासदांना आहे. हिल्टनमध्ये ती सिल्व्हर व त्यावरील श्रेणीच्या सभासदांना मिळते. त्यामुळे पाच रात्रींचे अनुक्रमे ३,२०,००० आणि २,००,००० पॉइंट झाले. त्याच तारखांचा रोख भाव दूरच्या बेटाचा रात्री ८५,००० रुपये, तर जवळच्या बेटाचा ४५,०००. मुलाने भागाकार केला : पहिल्या ठिकाणी एका पॉइंटाला सुमारे १ रुपया ३३ पैसे मोल येते, दुसऱ्या ठिकाणी १ रुपया साडेबारा पैसे. म्हणून दूरचे बेट फायद्याचे.

वडिलांनी एकच प्रश्न विचारला, “रोख द्यायचे असते, तर आपण एका रात्रीला पंच्याऐंशी हजार दिले असते का?” मुलगा गप्प राहिला. वडिलांच्या मते आपल्या घरात असल्या मुक्कामाला रात्री ३०,००० हीच कमाल रक्कम. त्यावर कोणाच्या खिशात हात गेला नसता. त्या मापाने पाच रात्रींचे मोल दोन्हीकडे दीड लाखच. मग दूरच्या बेटावर एका पॉइंटाचे ४७ पैसे होतात आणि जवळच्या बेटावर ७५ पैसे. क्रम उलटा झाला! जो माल आपण त्या भावाने कधीच उचलला नसता, त्याचा छापील भाव धरून नफा मोजायचा, ही चूक बँकांच्या आणि हॉटेलांच्या जाहिराती आपल्याकडून सहज करून घेतात. बाजारात रोज हुशारीने भाव पाडणारे लोकही येथे फसतात, हे नवलच.

रोख खर्चाची नोंद याहून बोलकी होती. त्यांना कळविण्यात आलेल्या दरांप्रमाणे जलविमानाचे दोघांचे जाऊन-येऊन ११०० डॉलर, स्पीडबोटीचे ४००. मालदीवचा हरित कर १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी प्रतिरात्र १२ डॉलर झाला आहे. खोली पॉइंटांवर घेतली तरी तो चुकत नाही. दोघांचे पाच रात्रींचे १२० डॉलर. जेवणाचे दोघांचे रोजचे दूरच्या बेटावर २४० डॉलर, जवळच्या बेटावर १६०. परंतु पत्रकावरील हा भाव अंतिम नसतो. त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर पर्यटन वस्तू व सेवा कर. हा कर १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. म्हणजे १०० डॉलरचे ताट १२८ डॉलर ७० सेंटला पडते. सारे जोडून दूरचे बेट सुमारे २७६४ डॉलर, जवळचे १५५०. डॉलर ९० रुपयांना धरला तर एकीकडे जवळजवळ अडीच लाख रुपये, दुसरीकडे एक लाख चाळीस हजारांच्या आत. बहुतेक कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला साडेतीन टक्के आकार आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी लागतो. अडीच लाखांवर ही रक्कम दहा हजारांच्या वर जाते. मुंबईपर्यंतचा प्रवास आणि विमानाचे तिकीट यात धरलेलेच नाही. ‘फुकटची’ व्हिला ती ही.

आणि हे बिल भरताना हप्ते पाडण्याचा मोह झाला, तर कार्डावरील व्याज अनेक बँकांत महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. तेथे पॉइंटांचा विषय संपतो.

तथापि या घरातील निर्णय केवळ आकड्यांवर ठरण्यासारखा नव्हता. गृहिणी गेली अनेक वर्षे चौविहार पाळतात. मालदीव विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे वर्षभर सूर्यास्त संध्याकाळी सहाच्या सुमारास होतो, आणि रिसॉर्टमधील रात्रीचे भोजनगृह साधारणतः सात वाजता उघडते. येथे एक मौज आहे. मालदीवचे घड्याळ भारताच्या अर्धा तास मागे. पण कित्येक रिसॉर्ट पाहुण्यांना उजेड जास्त मिळावा म्हणून आपल्या बेटापुरते घड्याळ एक तास पुढे करतात. अशा बेटावर सूर्य ‘सातला’ मावळतो. तेव्हा जेवण किती वाजता मिळेल, एवढे विचारून भागत नाही. ते कोणत्या घड्याळाने, हेही विचारावे लागते. सकाळच्या नवकारशीची अडचण नाही, कारण न्याहारी उशिरापर्यंत चालते.

भाजीपाल्याची गोष्टही वेगळी. मासळीखेरीज तेथील बहुतेक अन्नपदार्थ बाहेरून येतात. भारतीय आचारी अनेक ठिकाणी असतात आणि जैन जेवण हा शब्द त्यांना अपरिचित नाही. परंतु आगाऊ कळविल्याशिवाय कंदमूळविरहित ताटाची खात्री नाही. अनेक रिसॉर्टांच्या कार्यक्रमात सूर्यास्तसमयी मासेमारीची फेरी असते. त्याऐवजी डॉल्फिन पाहण्याची फेरी मागता येते. न मागितल्यास मिळत नाही.

व्हिला पाण्यावरची की वाळूवरची, हा प्रश्न मुलाला सर्वांत महत्त्वाचा वाटत होता. चित्रे पाण्यावरच्या व्हिलांचीच असतात. पण पॉइंटांवर बहुधा सर्वांत खालच्या श्रेणीची खोली मिळते आणि अनेक बेटांवर ती वाळूवरचीच असते. वरच्या श्रेणीला रोख फरक द्यावा लागतो. शिवाय ऋतू. विदर्भातील व्यापाऱ्याला सवड मिळते ती तूर-हरभऱ्याची आवक ओसरल्यावर, पेरणीपूर्वी; पुढे चातुर्मासात पुष्कळ घरे प्रवास टाळतात. हीच मे महिन्याची वेळ मालदीवमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या आरंभाची. त्या वाऱ्यात बेटाची पश्चिम बाजू, म्हणजे अधिक दाम लावून विकली जाणारी सूर्यास्ताची बाजू, लाटांच्या तोंडी येते. पूर्वेची बाजू तुलनेने शांत राहते. याच काळात रोख भावही उतरतात. म्हणून पॉइंट खर्चण्यापूर्वी त्या तारखांचा रोख भाव एकदा पाहावा. कधीकधी रोख देऊन पॉइंट राखणेच स्वस्त पडते.

अडत्याने निर्णय लगेच दिला नाही. कार्डाचे पॉइंट हॉटेलच्या खात्यात एकदा वळवले की परत येत नाहीत, म्हणून त्याआधी दोन्ही रिसॉर्टांना पत्र लिहिण्यास त्यांनी मुलास सांगितले. दूरच्या बेटाचे उत्तर गोड होते, पण जेवणाच्या वेळेविषयी त्यात एक अक्षर नव्हते. जवळच्या बेटाने सूर्यास्तापूर्वी पाऊण तास ताट व्हिलातच पोहोचविण्याचे मान्य केले आणि स्वयंपाकघराकडून उलट प्रश्न केला : बटाटा, कांदा, लसूण समजले, आल्याचे आणि हळदीचे काय?

त्या रात्री मुलाने फक्त दोन लाख पॉइंटांपुरते कार्डाचे पॉइंट वळवले आणि पूर्वेकडील वाळूवरची व्हिला घेतली. उरलेले बँकेतच राहिले. गृहिणींनी त्याला समोर बसवून यादी लिहून घेतली : ओले आले नको, सुंठ चालेल, ओली हळद नको, वाळलेली चालेल, गाजर, मुळा, बीट नको, पाणी उकळून गार केलेले. शेवटी त्यांनी विचारले की खाखऱ्याचे दोन डबे स्पीडबोटीत तरी चालतील ना. मुलाने तेही पत्रात लिहिले.