कातडीवरचा पहारा

केस कापायला मी पंधरा वर्षं एकाच दुकानात जात होतो. एका रविवारी कारागिराने माझी कॉलर खाली केली, मानेवरचे लाल चट्टे आणि त्यांवरचे रुपेरी पापुद्रे पाहिले आणि हळूच म्हणाला, "साहेब, मंगळवारी दुपारी या, गर्दी नसते तेव्हा." माणूस चांगला. बोलण्यात तिरस्कार नव्हता, भीती होती. मी पुन्हा तिथे गेलो नाही.

सोरायसिस. घरातही चौकशी झालीच: दुधाबरोबर मासे खाल्लेस का? रक्त बिघडलंय का? करंजाचं तेल झालं, कडुनिंबाचा पाला झाला. आत्याने माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर वाळत घालायला सुरुवात केली. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मग होतो कशाने? त्यावर ते खांदे उडवत. बँकेत हिशेब जुळवण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे उत्तर पचत नाही. निवृत्तीनंतर वाचत बसलो.

उत्तराचा एक धागा निघाला तो चक्क पिकल्या फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांपासून. जर्मनीत ट्यूबिंगेनला चिलटांच्या गर्भाची वाढ अभ्यासताना एका जनुकाला 'टोल' हे नाव मिळालं. जर्मन भाषेत त्याचा अर्थ झकास! १९९६ साली स्ट्रासबुर्गला जूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की हे टोल बिघडलं तर चिलट बुरशीला बळी पडतं. म्हणजे हा तर पहारेकरी! दोन वर्षांनी अमेरिकेत ब्रूस ब्यूटलर यांना उंदरात त्याचा भाऊबंद सापडला. २०११ च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता.

माणसात असे दहा 'टोल-लाइक रिसेप्टर' आहेत. जंतूंच्या काही ठरावीक खुणा ओळखण्याची कला ते जन्मतःच घेऊन येतात. त्यातला नवव्या क्रमांकाचा जंतूंचा डीएनए ओळखतो. तो पेशीच्या आतल्या कोठडीत बसतो, त्यामुळे आपल्याच मेलेल्या पेशींचा डीएनए सहसा त्याच्यापर्यंत पोचत नाही. नाहीतर रोजच हाकाटी!

इथेच माझा हिशेब जुळला. कातडीला इजा झाली की ती एलएल-३७ नावाचं एक छोटं प्रथिन तयार करते. काम जंतू मारण्याचं. सोरायसिसच्या चट्ट्यात ते भरमसाट असतं. ह्यूस्टनला रोबेर्टो लांदे, मिशेल जिलिए आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं, की हे प्रथिन आपल्याच डीएनएला चिकटतं आणि त्याला थेट त्या कोठडीत नेऊन सोडतं. पहारेकरी घरच्याच माणसाला चोर समजतो. इंटरफेरॉन सुटतं, इतर पेशी धावून येतात आणि एरवी महिनाभरात वर येणारी कातडी चार-पाच दिवसांत वर येऊ लागते. तेच ते पापुद्रे.

एसटीच्या पत्र्याला कोपर खरचटलं आणि पंधरवड्याने तिथेच नवा चट्टा उठला, याचंही मग नवल राहिलं नाही. जखमेवर चट्टा उमटण्याची ही खोड कोबनर नावाच्या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच नोंदली होती. आणखी एक पुरावा इमिक्विमॉड या मलमाचा. चामखिळीसारख्या गाठींवर लावायचं हे मलम सातव्या क्रमांकाच्या रिसेप्टरला डिवचतं, आणि ते लावलेल्या काहींचा सोरायसिस उफाळून आला. आता प्रयोगशाळेत उंदरांना तेच चोळून तसे चट्टे उठवतात.

आजार सुरू होण्याची ही एकमेव वाट नव्हे. आनुवंशिकता आहे, घशाचा संसर्ग आहे. पण रक्त अशुद्ध नाही आणि मासेही निर्दोष, एवढं पक्कं.

मी हे सगळं आत्याला समजावून सांगितलं. नव्वदीला टेकलेल्या आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुझाच वॉचमन तुला ओळखत नाही म्हण की!" अगदी बरोबर, म्हटलं.

टॉवेल मात्र अजून वेगळ्याच दोरीवर वाळतो.